रविवारची घोटवेल

"अजून वर जा," सर खालून म्हणाले. "फळं वर आहेत."

फळं वर आहेत हे मलाही दिसत होतं. मी एका जांभळाच्या झाडावर, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, फांदीला दोन्ही हातांनी आणि एका पायानं मिठी मारून बसलो होतो. दुसरा पाय कुठे आहे हे मला नक्की माहीत नव्हतं. माझं नाव बाहुबली बेनाडे. त्या वेळी माझं वजन सेहेचाळीस किलो होतं. झाडावर चढण्याचा पूर्वानुभव एवढाच, की लहानपणी एकदा पेरूवर चढलो होतो आणि उतरवायला मामाला बोलवावं लागलं होतं.

"सर, इथूनच आकडीनं ओढू का?"

"फांदी मोडेल. ही टाइपची शीट आहे, बेनाडे. मोडकी फांदी चालणार नाही."

"हळू रे बाबा," काकू म्हणाल्या. "फांदी मोडली तर दुसरी मिळेल. तुझ्या आईला मी काय सांगू?"

१९८४ सालची दिवाळी नुकतीच झाली होती आणि आम्ही तिघं रविवारच्या पहिल्या एस.टी.नं गगनबावड्याच्या घाटात आलो होतो. सर म्हणजे डॉक्टर हेर्लेकर, कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख आणि माझे पीएच.डी.चे गाइड. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू. त्या दगडावर पदर खोचून बसल्या होत्या. मांडीवर लाकडी पट्ट्यांचा छोटा प्रेस, त्यात रद्दीचे कागद, हातात कात्री. सर गोळा करायचे आणि काकू दाबून ठेवायच्या. मी वनस्पतींबद्दल बोलतोय.

आम्ही आलो होतो घोटवेलीसाठी. घोटवेल म्हणजे शास्त्रातली स्मायलॅक्स. पानं हृदयाच्या आकाराची, त्यांवर देठापासून टोकापर्यंत ठसठशीत शिरा, आणि खोडावर आकडेबाज काटे. कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात. उरलेली वेल कपडे फाडण्याच्या कामी येते. तिच्या जवळजवळच्या जाती वेगळ्या ओळखणं हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. एकीची फुलं मिळाली तर दुसरीची फळं मिळत नाहीत. पानांचं तर विचारूच नका.

सरांनी मात्र विचार केला होता, सतरा वर्षं. आणि त्यांना एक नवी जात सापडली होती.

हे मला आदल्या शुक्रवारी कळलं. सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बेनाडे, दार लावा."

त्यांच्या केबिनचं दार मी त्याआधी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझी फेलोशिप गेली.

सरांनी टेबलावर तेवीस शीट मांडल्या. शीट म्हणजे जाड कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी आणि कोपऱ्यात लेबल. "आपल्या मोठ्या पानाच्या घोटवेलीच्या एकेचाळीस शीट कपाटात आहेत," ते म्हणाले. "त्या बाजूला ठेवा. या तेवीस बघा. पट्टी घ्या. सगळ्यांत मोठं पान शोधा."

मी तासभर पट्टी लावली. सगळ्यांत मोठं पान साडेअकरा सेंटिमीटरचं निघालं.

"पान लहानमोठं होतं हे मलाही माहीत आहे," सर म्हणाले. "म्हणून तर सतरा वर्षं थांबलो. पण तेवीस शीट, पाच ठिकाणं, आणि एकाही शीटवर साडेअकराच्या वर पान नाही. निसर्ग इतका काटेकोर नसतो, बेनाडे. जात वेगळी असल्याशिवाय नसतो."

मला पटलं. तेव्हा मला सरांचं सगळंच पटायचं. ते नेहमी सांगायचे, जंगलात माणूस फसतो, शीटवर फसत नाही.

"नाव काय द्यायचं, सर?"

सरांनी आधी खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलाकडे. त्यांचे कान लाल झाले होते. ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमचे सर असे, की परीक्षेत एका चुकीच्या मोजमापासाठी पोराला नापास करून वर त्यालाच पट्टी बक्षीस द्यायचे. त्यांच्या कानांचा रंग बदलू शकतो ही माझ्यासाठी नवी माहिती होती.

"स्मायलॅक्स वत्सली," ते म्हणाले.

वत्सली म्हणजे वत्सलाकाकू, हे लक्षात यायला मला क्षणभर लागला.

"हिला माहीत नाही. छापून आल्यावर दाखवायचं. माझे चाळीस पेपर झाले. प्रत्येकात मी आभार मानलेत. प्राचार्यांचे मानले, जीपच्या ड्रायव्हरचे मानले, गंगाराम शिपायाचे मानले. हिचे मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार छापू नयेत असं माझं मत होतं." ते जरा थांबले. "लग्नात तिचं इंटर सायन्स अर्धवट राहिलं. तीस वर्षांत मी तिला एक शिवणयंत्र घेऊन दिलं. म्हणजे तेही तिच्या भावानं पाठवलं होतं. मे महिन्यात मी निवृत्त होतोय, बेनाडे. वेलीला नाव लागलं की ते राहतं. लोक दोनशे वर्षं घेतात."

पेपर मंगळवारी टपालात पडायचा होता. राहिली होती ती फक्त टाइपची शीट, म्हणजे नव्या जातीचा पुरावा म्हणून जी एक शीट कायमची जपून ठेवतात ती. तिच्यासाठी फळं असलेली फांदी हवी होती. पेपरावर दुसरं नाव माझं असणार होतं, आणि माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण याच वेलीवर उभं होतं. हे सगळं मनात घेऊन मी जांभळावर चढलो होतो.

तर, मी अजून वर गेलो. देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले, उघडले, आणि फळांच्या झुबक्यांपर्यंत पोचलो. वरची पानं लहान होती, सरांनी लिहिलं होतं तशीच. मी चाकू काढला. फांदी कुठून कापावी म्हणून वेलीवर नजर फिरवत खाली बघितलं.

उंचावरून खाली बघू नये असं म्हणतात, ते भीतीमुळे. मला भीतीपेक्षा वाईट काहीतरी दिसलं. वेल एकच होती. माझ्या गुडघ्याशी तिची पानं तळहाताएवढी होती, पावलाखाली गेल्यावर ताटलीएवढी, आणि बुंध्याशी तर जेवायला वाढता येईल एवढी. खालून बघताना झाडोऱ्यात ते वेगवेगळं वाटायचं. वरून सगळं एका ओळीत दिसत होतं. खाली होती ती कपाटातली मोठ्या पानाची जुनी घोटवेल. वर होती ती स्मायलॅक्स वत्सली.

"मिळाली का?" सर म्हणाले. ते भिंगातून एका दगडावरचं शेवाळ बघत होते.

"मिळाली," मी म्हणालो.

मी मुद्दाम लांब फांदी कापली. तिला वरची लहान पानं होती, मधली होती आणि खालची दोन चांगली मोठीही होती. म्हटलं, आपण बोलायला नको, फांदीच बोलेल. फांदी दोरीनं खाली सोडली.

काकूंनी फांदी घेतली, प्रेसवर धरून बघितली आणि खालची दोन्ही मोठी पानं कात्रीनं कचाकचा कापून झुडपात टाकली. मग मधली दोन टाकली. उरलेलं रद्दीत नीट पसरलं, एक पान उलटं केलं, एक सुलटं. मग प्रेसचे पट्टे आवळले.

"काकू, ती पानं?" मी वरून ओरडलो.

"मोठी पानं माझ्या प्रेसमध्ये मावत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "तू उतर आता. भाकरी खाऊन घेऊ."

सर शेवाळच बघत होते.

मी उतरलो कसा ते आठवत नाही. दगडावर बसून भाकरी, दाण्याची चटणी आणि दही खाल्लं. काकूंनी माझ्या हातावरचे काट्यांचे ओरखडे बघितले आणि हळद लावायला सांगितली. सर इतके खुशीत होते की त्यांनी मला दुसरी भाकरी घेण्याचा आग्रह केला. हेही पहिल्यांदाच. आणि मी तोंडातून एक शब्द काढला नाही. माणसाला इतका आनंद झालेला असताना तो मोडायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं असं, की चौथं प्रकरण मलाही हवं होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता जाऊन मी विभाग उघडला आणि सरांची फील्डबुकं काढली. कधी, कुठे, काय गोळा केलं ते सर त्यांत वारासकट लिहीत. तेवीस नोंदी शोधायला दीड तास लागला. तेवीसच्या तेवीस रविवार निघाले. मग मोठ्या पानाच्या एकेचाळीस काढल्या. सोमवार होते, बुधवार होते, शनिवार होते. रविवार एकही नव्हता.

म्हणजे नवी जात फक्त रविवारी उगवत होती.

आठवड्यात सर कॉलेजच्या जीपनं लांब जायचे. बरोबर गंगाराम असायचा आणि कॉलेजचा थोरला प्रेस असायचा. रविवारी ते काकूंना घेऊन एस.टी.नं जवळपासच्या घाटात जायचे. एस.टी.च्या फळीवर मावावा म्हणून काकूंनी सुताराकडून छोटा प्रेस बेतून घेतला होता. दोन जाती नव्हत्याच. दोन प्रेस होते.

मी वार आणि तारखा एका कागदावर उतरवून घेतल्या, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि सकाळभर सरांच्या समोर जायचं टाळलं. दुपारी गंगाराम निरोप घेऊन आला. घरी बोलावलंय, फांदी चिकटवायची आहे.

एरवी फांदी बुधवारपर्यंत वाळू दिली असती. मंगळवारचं टपाल गाठायचं म्हणून सरांनी रात्रभर तिचे कागद बदलले होते आणि सकाळी इस्त्री फिरवली होती. इस्त्री त्यांना येते हे काकूंनाही त्याच दिवशी कळलं. घरात जेवणाच्या टेबलावर नवी शीट तयार होती, शेजारी पेपरासाठी घरी आणलेल्या त्या तेवीस शीटांचा गठ्ठा होता. सरांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"लेबल तुम्ही लिहा," ते कुजबुजले. "ती बघेल असं लिहू नका." आणि संदर्भ बघायला आतल्या खोलीत गेले.

विभागातल्या प्रत्येक शीटचं लेबल काकू लिहायच्या. मोत्यासारखं अक्षर, आणि लॅटिनसुद्धा न अडखळता. माझं अक्षर बघून आमच्या गावच्या पोस्टमननं एकदा पत्र परत केलं होतं. मी कोपरानं आडोसा करून लिहायला बसलो. खिशात तो कागद होता. वर लॅटिन नाव लिहिलं, खाली ठिकाण लिहिलं. तारीख लिहिताना हात थांबला, कारण तोही रविवारच होता.

"हे कोण लिहितंय?"

काकू चहा घेऊन मागे उभ्या होत्या. मी कोपर आणखी पसरलं. त्यांनी कपबशा ठेवल्या.

"सरांनी सांगितलं, काकू."

"यांनी सांगितलं? माझ्या अक्षराला काय धाड भरली?" त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला. "तीस वर्षं चाललं. आता शेवटची काही महत्त्वाची शीट आली, तर तू लिहिणार. बघू."

त्यांनी माझं कोपर बाजूला केलं आणि लेबल उचललं. माझ्या अक्षरातलं वाचायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"हे माझं नाव आहे," त्या म्हणाल्या.

सर दारात आले होते. हातात उघडं पुस्तक तसंच. "हो," ते म्हणाले. "छापून आल्यावर सांगणार होतो."

"कुणाला माझं नाव?"

"वेलीला. नवी जात आहे. छोट्या पानाची घोटवेल. तुझ्या नावानं जाणार."

काकू खुर्चीवर बसल्या. लेबल त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते अंगठ्यानं एकदा पुसल्यासारखं केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी मान खाली घातली. इतका आनंद परक्यानं बघायचा नसतो. मला तेव्हा वाटलं, कागद खिशातच राहू दे. जन्मभर राहू दे. शंभर लोकांच्या शंभर चुका छापून येतात, त्यात ही एक.

मग काकूंनी टेबलावरची शीट पुढे ओढली. बराच वेळ बघितली. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण ही नवी नाही."

"म्हणजे?"

"ही तुमची मोठ्या पानाचीच आहे."

सर हसले. वर्गात एखाद्यानं भाबडा प्रश्न विचारला की हसायचे तसे. "पानं बघ ना. शीटवर बघ."

"शीटवरचं मला काय दाखवता? शीट मीच केलीय."

सरांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"हिची मोठी पानं काल मी कापून टाकलीत," काकू म्हणाल्या. "दरवेळी टाकते. मावतच नाहीत. आणि पानाचं काय घेऊन बसलात? देठाचं बूड बघा. तणावे कुठून फुटलेत ते बघा. फळांचा झुबका बघा. दोन्हींत काडीचा फरक नाही. बाहुबली, सांग की. तू वर होतास."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "बेनाडे?"

"हो सर," मी म्हणालो. "वेल एकच होती."

"तुम्हाला काल माहीत होतं?"

"हो सर."

मी कागद काढून दिला. सरांनी तो उभ्या उभ्या वाचला. तेवीस रविवार वाचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांनी घेतला. मग कोपऱ्यातला छोटा प्रेस आणला आणि पट्टी लावली. रुंदी चोवीस सेंटिमीटर. मधोमध खोड, दोन्हीकडे पान. खोडाला एक सेंटिमीटर सोडा. एका बाजूला उरतात साडेअकरा.

निसर्ग काटेकोर नव्हता. काकू होत्या.

"सतरा वर्षं," सर म्हणाले. "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही या शीटांवर जातीचं नाव लिहायलाच सांगत नव्हता. 'स्मायलॅक्स, जात अनिश्चित' एवढंच लिही म्हणायचात. मला वाटायचं, तुम्हाला ओळखता येत नाही. नवऱ्याला येत नाही ते कशाला बोलून दाखवायचं." त्यांनी शीट सरांकडे सरकवली. "आणि मी काय ठेवते ते तुम्ही भिंगानं बघत होता. मी काय टाकते ते कधी विचारलंत? एकदा तरी?"

"नाही," सर म्हणाले.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

चहा गार झाला होता. तो कुणी प्यालं नाही. सर खुर्चीवर बसले, पेपराची टाइप केलेली प्रत पुढे ओढली आणि मधोमध फाडली. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले. त्यात माझं दुसरं नाव होतं आणि चौथं प्रकरण होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, आणि दोन दिवस आपण गप्प बसलो याची लाज वाटली. ती अजून वाटते.

"माझं नाव गेलं म्हणायचं," काकू म्हणाल्या. त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. तो जमला नाही. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सर उठले. कपाटातून एक खोका काढला. त्यात छोट्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. आमच्यात पद्धत अशी, की शीटवरची ओळख चुकलेली निघाली तर जुनं लेबल खोडायचं नाही, फाडायचं नाही. शेजारी एक चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर बरोबर जात, ती ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख. पुढच्या माणसाला सगळं दिसलं पाहिजे, चुकलं कोण आणि सुधारलं कोणी. अशी चिठ्ठी लावण्याचा अधिकार विभागात एकट्या सरांना होता. मी पीएच.डी. करत होतो तरी मला नव्हता.

त्यांनी तेवीस चिठ्ठ्या मोजून काकूंपुढे ठेवल्या आणि पेन उघडून दिलं. "लिही."

काकूंनी जुन्या मोठ्या पानाच्या वेलीचं लॅटिन नाव न विचारता लिहिलं. खालच्या ओळीवर आल्या आणि सवयीनं सरांचं पहिलं अक्षर काढायला लागल्या.

"ते नाही," सर म्हणाले.

"इथं तुमचं नाव असतं."

"ज्यानं ओळखलं त्याचं असतं. मी ओळखलं का?"

"नाही."

"बेनाडेंनी?"

"मी झाडावरून बघितलं, काकू," मी म्हणालो. "देठाचं बूड मी नव्हतं बघितलं."

काकूंनी पहिली चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खोक्यातून नवी घेतली. तिच्यावर पूर्ण नाव लिहिलं, वत्सला यशवंत हेर्लेकर, आणि तारीख घातली. मग दुसरीवर. सर खळ लावून चिकटवत गेले, मी शीट पुढे सरकवत गेलो. प्रत्येक शीट हातात आली की काकू आधी ती खिडकीच्या उजेडाला धरून देठाचं बूड बघायच्या आणि मगच लिहायच्या. त्यामुळे तेवीस चिठ्ठ्यांना संध्याकाळ झाली.

"झालं," सर म्हणाले. "संपल्या."

"त्या एकेचाळीस?" काकूंनी विचारलं.

"कुठल्या?"

"गंगारामच्या प्रेसमधल्या. मोठ्या पानाच्या."

"त्या बरोबर आहेत."

"बरोबर आहेत हे कोणी बघितलं?"

सर माझ्याकडे वळले. "बेनाडे, उद्या सकाळी त्या एकेचाळीस शीट बाईंना आणून द्या."

आमच्या कॉलेजात बाई म्हणजे शिकवणाऱ्या बाई. सरांच्या तोंडून काकूंसाठी तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. पुढे मात्र नेहमी ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या कॅरिअरला बांधून एकेचाळीस शीट नेऊन दिल्या. बाईंनी त्या तीन दिवस ठेवून घेतल्या. त्यातल्या चार चुकीच्या निघाल्या.